गाडीचं हँडल का थरथरतं? उत्तर शोधताना भेटलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर

दिवाळीला वणीला घरी गेलो होतो. बाबांना मागे बसवून वरोरा रोडला निघालो आणि साठच्या स्पीडला हँडल थरथरायला लागलं. हात जरा सैल केला की थरथर वाढायची. समोरून कोळशाचा ट्रक येत होता. ब्रेक न मारता ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला, म्हणून निभावलं. वाईट याचं वाटलं, की याच तक्रारीवर महिनाभरापूर्वी एका मेकॅनिकने पुढचा टायर बदलून दिला होता. पैसे गेले, थरथर तशीच.

घरी आल्यावर बाबांनी किर्लोस्करांचा विषय काढला. आजोबांच्या विहिरीवर त्यांचंच इंजिन होतं. पण या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली, हे मला माहीत नव्हतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली, पण रेघ पक्की होती. यंत्रांच्या ड्रॉइंगला रंग लागत नाहीत! ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

१८८८ मध्ये सायकलचा धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, भाऊ रामूअण्णा बेळगावात विकायचे. पुढे हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढतं असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. तेवढ्यात नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. निवडुंग आणि साप असलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले.

मला यातली रंगांची गोष्ट सगळ्यात भिडली. त्यांनी आपल्यातला दोष नेमका ओळखला आणि तेवढंच बाजूला ठेवलं. चित्र काढणारा हात टाकून दिला नाही. आम्ही कोडमधला बग असाच शोधतो, एका वेळी एक गोष्ट तपासून. गाडीच्या बाबतीत मात्र मी सरळ टायर बदलून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी मेन स्टँडवर लावली. मागे वजन ठेवून पुढचं चाक हवेत उचललं. तुम्हीही याच क्रमाने बघा:

१. हवा: दोन्ही टायरमध्ये कंपनीने सांगितली तेवढी आहे का? पुढचा टायर एकसारखा झिजलाय की खड्डे पडल्यासारखा?

२. रिंगचा आऊट: रिंगजवळ पेन्सिल धरून चाक फिरवा. अंतर कमीजास्त झालं तर रिंग वाकडी आहे. स्पोकचं चाक असेल तर सायकलवाला काढतो तसाच आऊट काढून घ्यावा लागतो.

३. चाकाचं बेअरिंग: चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं.

४. कोनसेट: फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढा. खट्ट झालं तर कोनसेट ढिला. मग हँडल हळू डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर आतल्या वाटीला खड्डे पडलेत. नुसतं आवळून भागत नाही, सेट बदलावा लागतो.

माझ्या गाडीत चौथ्या नंबरला दोन्ही सापडलं, खट्टही आणि अडकणंही. आमच्याकडचे कोळशाच्या ट्रकांनी उखडलेले रस्ते कोनसेटची वाट लावतात. त्यात मागे माणूस बसला की पुढचं वजन कमी होतं आणि थरथर वाढते. म्हणूनच बाबा बसले तेव्हा ती जास्त जाणवली.

कोनसेट बदलला. आधी एकटाच त्या रोडला जाऊन साठच्या स्पीडला बघून आलो. हँडल शांत होतं. मगच बाबांना मागे बसवलं.