नील्स बोर आणि बहात्तरावे मूलद्रव्य

सोडियमचे इलेक्ट्रॉन २, ८, १ असे लिहिताना ही मांडणी कोणी शोधली, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय?

ही कल्पना रुजविणारे नील्स बोर ७ ऑक्टोबर १८८५ रोजी डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरी जन्मले. वडील प्राध्यापक. भाऊ हॅराल्ड गणिती, शिवाय १९०८ च्या ऑलिंपिकमधील फुटबॉलपटू. नील्स स्वतः गोलरक्षक. (खेळाने अभ्यास बुडतो म्हणणाऱ्या पालकांनी नोंद घ्यावी!) इलेक्ट्रॉन ठराविक कक्षांतच फिरतात, हे त्यांनी १९१३ मध्ये मांडले आणि पुढे कवचांच्या आधारे मूलद्रव्यांचा तक्ता उलगडला.

कसोटी लागली ती ७२ व्या जागी. तेथील मूलद्रव्य विरल मृदा गटातले आहे, असे फ्रान्सचे उर्बँ म्हणत. बोर यांच्या हिशेबाने तो गट ७१ पाशीच संपत होता. ७२ ला झिर्कोनियमप्रमाणे चार संयुजा इलेक्ट्रॉन हवेत. उर्बँ खरे ठरते, तर कवचांची मांडणीच डळमळली असती. बोर यांच्या संस्थेतील कोस्टर व हेवेशी यांनी मग झिर्कोनियमची खनिजे क्ष-किरणांनी तपासली. डिसेंबर १९२२ मध्ये बोर नोबेल पारितोषिकासाठी स्टॉकहोमला गेले असता, ऐन व्याख्यानाच्या तोंडावर ७२ सापडल्याचा दूरध्वनी आला. ११ डिसेंबरच्या व्याख्यानात त्यांनी ते जाहीर केले. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून ते हाफ्नियम झाले.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी बोर निवर्तले. सातच वर्षांनी आपले तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. तेथील इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या. पण त्यातून हाफ्नियम आधी काढून टाकावे लागते, कारण ते न्यूट्रॉन गिळते. बाहेरची कवचे सारखी असल्याने हे दोन धातू वेगळे करणे मात्र महाकठीण!