रहीमसाहेब

वर्ध्याहून बल्लारशहामार्गे दक्षिणेस जाणारा लोहमार्ग काझीपेठला पोहोचतो. तेथून हैदराबाद फारसे दूर नाही. आपला मराठवाडाही एके काळी हैदराबाद संस्थानातच होता. त्या हैदराबादेत १७ ऑगस्ट १९०९ रोजी सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म झाला. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन ते शाळेत शिक्षक झाले. तरुणपणी ते स्वतः फुटबॉल खेळत. परंतु त्यांची कीर्ती झाली ती मैदानाबाहेर उभे राहून.

गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते. मधल्या फळीत उभा राहून प्रतिपक्षाची चढाई अडविणारा आणि चेंडू पुढच्या गड्याकडे नेमका धाडणारा हाफबॅक मात्र फारसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. सारा खेळ अशा गड्यांवर उभा असतो, हे रहीमसाहेबांना पुरते ठाऊक होते. म्हणून मुलांसाठी त्यांनी मोठ्या विलक्षण स्पर्धा भरविल्या. एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवीत पळण्यास मनाई असे. तो मिळताच सोबत्याकडे द्यावा लागे. दुसरीत दुबळ्या पायानेच खेळायचे, असा नियम असे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला डाव्या हाताने अक्षर गिरवावयास लावावे, तसाच हा प्रकार! पहिल्या दिवशी मुले रडकुंडीस आली असतील, यात मला तरी नवल वाटत नाही.

त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताला सुवर्णपदक मिळाले. पुढल्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १० विरुद्ध १ असे हरविले. आपले कित्येक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. तो पराभव रहीमसाहेबांनी पचविला. १९५६ साली मेलबर्न येथे नेव्हिल डिसूझा या गोमंतकीय खेळाडूच्या तीन गोलांनी ऑस्ट्रेलिया हरली आणि भारत उपांत्य फेरीत पोहोचला. तोवर आशियातील कोणत्याही देशाला हे साधले नव्हते.

१९६२ साली संघ जकार्ताला गेला, तेव्हा रहीमसाहेबांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने जिंकला. पुढे जर्नेलसिंग या खंद्या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. दुसऱ्या कोणी त्याला बाहेर बसविले असते. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर धाडले आणि उपांत्य सामन्यात त्याने गोल केला! ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर आली. इस्रायल व तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल एका भारतीय प्रतिनिधीने आक्षेप घेतला होता. त्यामुळे स्थानिक लोक रुष्ट होते. सुमारे एक लाख प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. त्या कोलाहलात प्रदीपकुमार बॅनर्जीने पहिला गोल केला आणि लगेच दुसरा जर्नेलसिंगने. कोरियाने एक गोल फेडला, तोवर उशीर झाला होता.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब वारले. ते त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांच्यानंतर २०२३ पर्यंत झालेल्या एकाही आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळाले नाही.