कळतं, पण वळत नाही! – बेंजामिन फ्रँकलिनची वही

पीएल सुरू झाली की आमच्या होस्टेलमध्ये एक विधी असतो. प्रत्येक जण कोरा कागद घेतो, स्केलने रेघा मारतो आणि टाईमटेबल बनवतो. पहाटे ५ ला उठणे, व्यायाम, अभ्यास, मोबाईल फक्त अर्धा तास... कागद भिंतीवर चिकटतो. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे बघायची हिंमत होत नाही आणि चौथ्या दिवशी नवीन टाईमटेबल! सेकंड इयरला माझी गणितात केटी लागली तेव्हा माझ्या भिंतीवर असे चार कागद एकावर एक चिकटलेले होते.

त्याच सुमारास लायब्ररीत बेंजामिन फ्रँकलिनचं आत्मचरित्र हाती लागलं. नाव ओळखीचं होतं. पावसात पतंग उडवणारा तोच हा फ्रँकलिन! आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांचा तर तो मूळपुरुषच. चार्जला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह ही नावं त्याने दिली. जिथे विद्युतद्रव जास्त ते पॉझिटिव्ह, असं त्याने धरलं. पुढे १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला आणि कळलं की तारेतले कण नेमके उलट दिशेने धावतात. तोवर सगळी सूत्रं त्याच्या हिशोबाने लिहून झाली होती. म्हणून आजही आपण करंटचा बाण उलटाच काढतो आणि तरीही गणित बरोबर येतं! मला वाटलं, या माणसाने आयुष्याचं टाईमटेबल कसं मांडलं असेल ते तरी बघू.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा, अमेरिकेतल्या बॉस्टन गावचा. तेव्हा अमेरिका ही इंग्रजांची वसाहत होती. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. वडिलांना दोन बायकांपासून झालेली एकूण १७ मुलं आणि त्यात हा १५ वा. शाळा मिळाली जेमतेम दोन वर्षं, आणि त्यातही गणित दोनदा जमलं नाही. हे वाचलं आणि माझी त्याच्याशी दोस्ती झाली. दहाव्या वर्षी तो वडिलांच्या दुकानात वाती कापायला लागला आणि बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार म्हणून बांधला गेला.

छापखान्यात काम भरपूर होतं, पण पुस्तकं विकत घ्यायला पैसे नव्हते. मग त्याने पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या पोरांशी ओळख वाढवली. संध्याकाळी पुस्तक आणायचं, रात्र जागून संपवायचं आणि दुकान उघडायच्या आत परत करायचं, असा कार्यक्रम. साधारण १६ व्या वर्षी त्याने मांसाहार सोडला आणि भावापुढे एक प्रस्ताव ठेवला : माझ्या जेवणावर जेवढे पैसे देतोस त्याच्या निम्मेच मला हातात दे, मी माझं बघतो. भाऊ लगेच तयार झाला. त्या निम्म्यातलेही निम्मे वाचवून त्याने पुस्तकं घेतली. बाकीचे जेवायला बाहेर गेले की हा छापखान्यातच पावाचा तुकडा, मूठभर मनुका आणि पाण्यावर भागवायचा आणि उरलेल्या वेळात वाचायचा. अशाच जेवणाच्या सुट्ट्यांमध्ये त्याने शाळेत न जमलेलं गणित एका पुस्तकावरून पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवलं. थोडक्यात, केटी सुटली!

लिहिणं सुधारण्याची त्याची युक्तीही झकास आहे. एखादा चांगला लेख वाचायचा, प्रत्येक वाक्याचा मुद्दा दोन-तीन शब्दांत टिपायचा आणि काही दिवसांनी फक्त टिपणावरून लेख पुन्हा स्वतः लिहायचा. मग मूळ लेखाशी ताडून आपल्या चुका शोधायच्या. कधी टिपणांचे कागद मुद्दाम गोंधळात टाकून क्रम पुन्हा लावायचा. आपण झेरॉक्स काढतो आणि अभ्यास झाला असं समजतो. फरक इथेच आहे.

१७२३ मध्ये भावाशी पटेना म्हणून हा पठ्ठ्या वयाच्या १७ व्या वर्षी पळून फिलाडेल्फियाला गेला. बॉस्टनहून निघालेल्या त्या प्रवासात गलबतावर ताजे कॉड मासे तळले जात होते. वास नाकात शिरला आणि शाकाहार डळमळू लागला. मग त्याला आठवलं की माशांची पोटं फाडताना आतून लहान मासे निघाले होते. हे जर एकमेकांना खातात तर आपण का नको, असा विचार करून त्याने मासे यथेच्छ हाणले! पुढे स्वतःवर हसत त्याने कबूल केलं आहे की माणसाला बुद्धी असण्याचा फायदा हाच, की जे करावंसं वाटतं त्याला कारण सापडतं. पीएलमध्ये क्रिकेट मॅच बघताना मीही अशीच कारणं शोधतो.

पुढे तो लंडनच्या छापखान्यात दीड वर्ष राबला. तिथले कामगार दिवसभर बिअर प्यायचे आणि त्यानेच ताकद येते म्हणायचे. हा पाणी पिऊन, ते एक उचलायचे तिथे दोन हातांत टाईपच्या दोन जड चौकटी घेऊन जिना चढायचा. एकदा तर थेम्स नदीत चेल्सीपासून ब्लॅकफ्रायर्सपर्यंत पोहत गेला.

१७२६ मध्ये फिलाडेल्फियाला परत आल्यावर त्याने जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. १७२७ मध्ये त्याने मित्रांचा एक कट्टा सुरू केला. नाव ‘जंटो’. दर शुक्रवारी संध्याकाळी जमायचं. सभासद म्हणजे काही मोठे लोक नव्हते. कोणी नक्कल करणारा कारकून, कोणी काचकाम करणारा, कोणी चांभारकी केलेला, कोणी सुतार. पाळीपाळीने प्रत्येकाने चर्चेसाठी प्रश्न आणायचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतःचा निबंध वाचायचा. मीच बरोबर असा आग्रह धरला किंवा समोरच्याला थेट खोडून काढलं तर दंड! आपल्या ग्रुपवर हा नियम लावला तर आठवड्यात पार्टीचे पैसे जमतील.

या कट्ट्याने नुसत्या गप्पा मारल्या नाहीत. पुस्तकं एकेकट्याला परवडत नाहीत म्हणून १७३१ मध्ये वर्गणी काढून वाचनालय उभं राहिलं. ५० सभासद, सुरुवातीला प्रत्येकी ४० शिलिंग आणि मग वर्षाला १० शिलिंग. ते वाचनालय आजही चालू आहे. १७३६ मध्ये आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं पथक निघालं. पुढे त्याच्याच खटपटीतून शहरात हॉस्पिटल झालं, शिक्षणसंस्था झाली. चांगली सवय एकट्याने लावण्यापेक्षा चौघांत लावली तर टिकते, हे त्याला विशीतच कळलं होतं.

आता त्या प्रसिद्ध वहीकडे येतो. आपण सगळे दोष एकदम काढून टाकायचे असं त्याने ठरवलं आणि लगेच फसला. एकाकडे लक्ष दिलं की दुसरा डोकं वर काढायचा. मग त्याने इंजिनिअरसारखा विचार केला. १३ गुणांची यादी केली : मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा, न्याय, संयम, स्वच्छता, शांतपणा, शील आणि नम्रता. यातली नम्रता मूळ यादीत नव्हती! तू फार गर्विष्ठ आहेस असं एका मित्राने तोंडावर सांगितलं, तेव्हा ती वाढवली. वहीत प्रत्येक पानावर आठवड्याचे ७ उभे रकाने आणि गुणांच्या १३ आडव्या ओळी. चूक झाली की त्या खणात काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणावर मुख्य लक्ष. १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार.

दिवसाचा तक्ताही होता. पहाटे ५ ला उठून आज कोणतं चांगलं काम करायचं ते ठरवायचं. ८ ते १२ काम, दुपारी दोन तास जेवण, वाचन आणि हिशोब, मग ६ पर्यंत पुन्हा काम. संध्याकाळी वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, जेवण, संगीत, गप्पा आणि झोपण्यापूर्वी दिवसाचा आढावा. रात्री १० ला झोप. मित्रांनो, यात करमणूक आहे, सात तास झोप आहे! माझ्या चारही टाईमटेबलांत या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

आणि एवढं करून हा माणूस यशस्वी झाला का? नाही! व्यवस्थितपणा त्याला कधीच जमला नाही. कागदपत्रं अस्ताव्यस्तच राहायची. जुने ठिपके खरवडून खरवडून वहीला भोकं पडली, तेव्हा त्याने हस्तिदंताच्या पानांची वही केली आणि ओल्या स्पंजाने ठिपके पुसू लागला. त्याने एक गोष्ट सांगितली आहे. एकाला आपली कुऱ्हाड सगळीकडून चकचकीत हवी होती. लोहार म्हणाला, तू चाक फिरव, मी घासतो. थोड्याच वेळात तो दमला आणि म्हणाला, राहू दे, मला ठिपक्याठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते. आपलंही तसंच झालं, हे फ्रँकलिन मान्य करतो. पण प्रयत्नच केला नसता तर जेवढा सुधारलो तेवढाही सुधारलो नसतो, हेही सांगतो.

व्यायामाबद्दल त्याचं म्हणणं तर आपल्या थर्मोडायनॅमिक्सच्या सरांना आवडेल. व्यायाम वेळेने किंवा अंतराने मोजू नये, शरीरात किती ऊब येते त्यावरून मोजावा, असं त्याने १७७२ मध्ये मुलाला कळवलं होतं. गाडीत बसून ५ मैल जाण्यापेक्षा घोड्यावर १ मैल बरा, घोड्यावर ५ मैलांपेक्षा पायी १ मैल बरा आणि सपाटीवर ५ मैल चालण्यापेक्षा जिन्यावर १ मैल चढउतार बरी. डंबेल्स ४० वेळा फिरवल्यावर त्याची नाडी मिनिटाला ६० वरून १०० वर जायची, हे त्याने घड्याळ लावून मोजलं होतं. आणि हाच गृहस्थ म्हातारपणी पॅरिसला असताना जेवणानंतर तासन् तास बुद्धिबळ खेळत बसायचा! शेवटी संधिवाताने पाय धरले. १७८० मध्ये त्याने एक विनोदी संवाद लिहिला. त्यात संधिवातच बाई होऊन त्याला खडसावते, की सुंदर बागा समोर असताना तू फिरायला का गेला नाहीस? लोका सांगे ब्रह्मज्ञान, पण निदान स्वतःवर हसण्याइतका मोकळा माणूस.

एक प्रसंग मात्र हसण्यासारखा नाही. त्या काळी देवीच्या साथी यायच्या. जेन्नरची लस १७९६ ची, म्हणजे खूप नंतरची. तेव्हा देवीच्या फोडातला द्रव निरोगी माणसाला टोचायची पद्धत होती. १७२१ च्या बॉस्टनच्या साथीत देवी आलेल्यांपैकी साधारण सातांत एक दगावला होता, तर टोचून घेतलेल्यांपैकी साधारण चाळीसांत एक. भाऊ जेम्सच्या वर्तमानपत्राने तेव्हा टोचण्याला विरोध केला होता. पण फ्रँकलिनने पुढे आकडे तपासले, आपलं मत बनवलं आणि स्वतःच्या वर्तमानपत्रातून टोचण्याच्या बाजूने छापलं. म्हणजे माहिती पूर्ण होती. तरी त्याचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस टोचायचा राहून गेला. पोराला जुलाब होत होते, बरा झाला की टोचू असं ठरलं. त्याआधीच साथ आली आणि नोव्हेंबर १७३६ मध्ये मुलगा गेला. टोचल्यामुळेच मेला अशी अफवा पसरली, तेव्हा या बापाने ते खरं नसल्याचं आपल्या वर्तमानपत्रात छापलं. इतर आईबापांनी घाबरू नये म्हणून. म्हातारपणी आत्मचरित्र लिहितानाही ती हळहळ गेलेली नव्हती.

ते पान वाचून मी पुस्तक मिटलं. आईची शुगर तपासायची आहे हे आमच्या घरात सहा महिने सगळ्यांना माहीत होतं. सबमिशन झालं की, परीक्षा झाली की, असं चाललं होतं. त्या शनिवारी घरी गेलो आणि तिला घेऊन लॅबमध्ये गेलो. शुगर वाढलेली निघाली. औषध सुरू झालं, आता ती रोज चालायला जाते. ठिपक्यांच्या वहीपेक्षा मला त्या एका पानाने जास्त शिकवलं.

फ्रँकलिन देवमाणूस नव्हता. त्याच्या घरी गुलाम होते आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती यायच्या. न्याय हा गुण यादीत असून हा ठिपका त्याला कित्येक वर्षं दिसला नाही. १७८७ मध्ये तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरी बंद करावी असा अर्ज त्याच्या सहीने काँग्रेसपुढे गेला. १७ एप्रिल १७९० ला, वयाच्या ८४ व्या वर्षी तो गेला. म्हणजे शेवटच्या वर्षातही वही चालूच होती म्हणायची. पण बायको डेबोरा १७७४ मध्ये वारली तेव्हा तो दहा वर्षं लंडनमध्ये होता, आणि स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिलेल्या मुलाशी तुटलेलं नातं शेवटपर्यंत नीट जुळलं नाही. सगळेच ठिपके स्पंजाने पुसता येत नाहीत.

माझं काय झालं म्हणाल तर भिंतीवरचे चारही कागद काढले. आता एका छोट्या वहीत फक्त चार ओळी आहेत : झोप, चालणं, वर्तमानपत्र, मोबाईल. मोबाईलच्या ओळीत अजून ठिपकेच ठिपके आहेत. गणिताची केटी मात्र सुटली. दर शुक्रवारी रात्री जेवणानंतर आम्ही पाच जण गच्चीवर बसतो. एकाने आठवड्यात वाचलेलं काहीतरी सांगायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, खोडून काढायचं नाही. दंड एक कटिंग चहा.

सहाव्याला जागा आहे. येताना एक प्रश्न घेऊन या!