एल्टन मेयो : कामगाराचे ऐकणारा मानसशास्त्रज्ञ

ॲडलेड, एडिनबरो आणि लंडन अशा तिन्ही ठिकाणी वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडलेला तरुण पुढे कारखान्यांची दुखणी तपासणारा म्हणून जगभर ओळखला गेला. १८८० मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेडला जन्मलेल्या एल्टन मेयो यांनी अखेर तत्त्वज्ञान व मानसशास्त्राची वाट धरली. १९११ पासून ते क्वीन्सलँडला अध्यापन करू लागले. पहिल्या महायुद्धात मनाने खचलेल्या सैनिकांच्या उपचारांत त्यांनी भाग घेतला. समोरच्याला मनमोकळे बोलू देण्याची त्यांची पद्धत तेथेच घडली असावी.

१९२२ मध्ये ते अमेरिकेला गेले. फिलाडेल्फियातील एका कापडगिरणीच्या सूतकताई खात्यात कामगार टिकत नव्हते. वर्षाकाठी सुमारे अडीचशे टक्के माणसे बदलत. मेयोंनी कामाच्या मध्ये विश्रांतीच्या सुट्या सुचविल्या आणि ही गळती थांबली.

१९२६ मध्ये हार्वर्डने त्यांना बोलावले. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोग त्यांच्या नावावर सांगितले जातात. पण ते १९२४ मध्येच सुरू झाले होते, तेही प्रकाशाचा उत्पादनावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी. मेयो तेथे १९२८ मध्ये पोहोचले. वेगळ्या खोलीत टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या मुलींचे उत्पादन विश्रांती व तासांत बदल करताना वाढत गेले. मेयोंच्या मते कारण आपुलकीचे होते : कोणी तरी विचारपूस करीत होते, गटात जिव्हाळा होता. पुढे वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती झाल्या.

१९३१-३२ मध्ये चौदा पुरुषांच्या गटाने मात्र उलटेच चित्र दाखविले. जास्त उत्पादनाला जास्त पैसे असूनही त्यांनी आपसांत कामाची मर्यादा ठरविली होती. ती ओलांडणाऱ्याच्या दंडावर सहकाऱ्याचा गुद्दा बसे. पैशापेक्षा सोबत्यांची मर्जी भारी पडते, हे यातून जितके कळते तितके कोणत्याही व्याख्यानातून कळणार नाही.

टीकाकारांनी पुढे बोट ठेवले ते रिलेच्या खोलीवर. तेथील दोन मुलींना, त्या फार बोलतात म्हणून, मध्येच बदलले होते. शिवाय मजुरीची पद्धतही वेगळी होती. हा आक्षेप रास्तच आहे. मजुरीच्या व संघटनेच्या प्रश्नांकडे मेयोंनी पुरेसे लक्ष दिले नाही, हेही खरे.

१९४७ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला गेले. १९४९ मध्ये गिल्डफर्ड येथे त्यांचे निधन झाले. ‘हॉथॉर्न परिणाम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो त्यानंतर.