विश्लेषण : स्पूल टेपमधली ‘घूं घूं’ येते कुठून? मायकेल फॅरेडे यांच्या १८३१च्या प्रयोगाशी तिचा काय संबंध?

घरोघरी, आकाशवाणीत आणि संग्राहकांकडे असलेल्या जुन्या स्पूल टेपवरील गाणी-भाषणे संगणकावर उतरवून घेताना एक अडचण हमखास येते. आवाजामागे सतत ‘घूं घूं’ ऐकू येते. तंत्रज्ञ तिला ‘हम’ म्हणतात. ती का येते आणि कशी रोखायची, हे समजून घेण्यासाठी मायकेल फॅरेडे यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

बुकबाइंडर शास्त्रज्ञ कसा झाला?

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार, त्यात सतत आजारी. शाळा जेमतेम झाली. तेराव्या वर्षी मायकेल एका पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला आणि नंतर सात वर्षे बुकबाइंडिंग शिकला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. विश्वकोशातील विजेवरचा लेख त्याने असाच वाचला.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका ग्राहकाने रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडे यांनी व्याख्यानांच्या टिपणांचे पुस्तक बांधले आणि ते थेट डेव्हींनाच पाठवले. पुढे प्रयोगशाळेतील एका कर्मचाऱ्याला मारामारीवरून काढण्यात आले आणि मार्च १८१३ मध्ये ती जागा फॅरेडे यांना मिळाली. लगेचच डेव्हींसोबत युरोप दौरा झाला. त्यात त्यांना नोकराचीही कामे करावी लागली. १८२३ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव आले, तेव्हा विरोध केला तो डेव्हींनीच. तरीही फॅरेडे निवडून आले.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी काय घडले?

विजेमुळे चुंबकत्व निर्माण होते, हे १८२० मध्ये ओर्स्टेड यांनी दाखवले होते. मग चुंबकत्वापासून वीज का मिळू नये, या प्रश्नाने फॅरेडे यांना जवळपास दहा वर्षे सतावले. बरेच प्रयत्न फसले.

अखेर त्यांनी सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर तारेच्या दोन वेगळ्या गुंडाळ्या केल्या. एकीला बॅटरी जोडली, दुसरीची तार चुंबकसूचीजवळ नेली. बॅटरी जोडताच सूची हलली आणि पुन्हा स्थिर झाली. बॅटरी काढताच ती उलट दिशेने हलली. प्रवाह सुरळीत चालू असताना मात्र काहीच होत नव्हते. म्हणजे चुंबकत्व नुसते असून भागत नाही, ते बदलावे लागते. १७ ऑक्टोबरला गुंडाळीत चुंबक आत-बाहेर करूनही त्यांनी वीज मिळवली. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात.

याचा टेपशी काय संबंध?

टेपरेकॉर्डरचे हेड म्हणजे बारीक फट असलेले छोटे कडे आणि त्यावरची गुंडाळी. चुंबकीय टेप फटीवरून सरकते, चुंबकत्व बदलते आणि गुंडाळीत अगदी क्षीण वीज तयार होते. तीच वाढवून आपण गाणे ऐकतो.

पण त्याच यंत्रात मोटर आणि ट्रान्सफॉर्मरही असतो. ट्रान्सफॉर्मर हेही फॅरेडे यांच्या दोन गुंडाळ्यांच्या कड्याचेच रूप. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, त्यामुळे त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही तसेच बदलत राहते. ते हेडपर्यंत पोहोचले की गाण्यासोबत ‘घूं घूं’ही उमटते.

दुसरे कारणही याच नियमात आहे. चुंबकत्व जितके सावकाश बदलेल, तितकी वीज कमी. त्यामुळे खर्जातले स्वर हेडमधून दबके येतात आणि अॅम्प्लिफायर ते जास्त वाढवतो. त्यासोबत ५० हर्ट्झची ‘हम’ही वाढते.

फॅरेडेंचा पिंजरा पुरतो का?

१८३६ मध्ये फॅरेडे यांनी बारा फुटी पिंजरा बांधला, त्यावर विद्युतभार दिला आणि स्वतः आत बसून उपकरणे तपासली. आत काहीच परिणाम दिसला नाही. विद्युतक्षेत्र असे अडवता येते. मात्र ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तांबे किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून सहज आरपार जाते.

त्यावरचा उपाय फॅरेडे यांच्या बलरेषांच्या कल्पनेतून समजतो. या रेषा लोखंडातून सोप्या वाटेने जातात. म्हणून हेडभोवती म्यू-मेटल या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचे आवरण देतात. रेषा हेड टाळून आवरणातून वळतात. हे आवरण वाकवले किंवा आपटले, तर त्याचा गुण कमी होतो.

आणखी काय करतात?

- ट्रान्सफॉर्मर हेडपासून दूर नेणे. अंतर दुप्पट केल्यास क्षेत्र साधारण आठव्या भागावर येते.
- ट्रान्सफॉर्मर फिरवून कमीत कमी ‘हम’ येईल अशी दिशा शोधणे.
- हेडकडून येणाऱ्या दोन्ही तारांना एकमेकींचा पीळ देणे, म्हणजे दोन्हींतील बाहेरचा परिणाम परस्पर रद्द होतो.
- सर्व अर्थिंग एकाच ठिकाणी जोडणे.

हे सारे टेप उतरवून घेण्याआधीच करावे लागते. कारण ‘हम’ ५० सोबत १००, १५० हर्ट्झवरही असते. तानपुरा, डग्गा आणि पुरुषी आवाजही याच पट्ट्यात येतात. नंतर फिल्टर लावला तर त्यांचाही काही भाग कापला जातो.

फॅरेडे यांची अखेर कशी झाली?

१८४०च्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळली आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. क्रमांक घालून लिहिलेल्या प्रयोगवहीचा त्यांना मोठा आधार होता. गणित त्यांना फारसे येत नव्हते. त्यांच्या बलरेषांना समीकरणांचे रूप पुढे मॅक्सवेल यांनी दिले. फॅरेडे यांनी ‘सर’ ही पदवी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोन्ही नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. आवाज टेपवर साठवण्याचे तंत्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते. मात्र त्या टेपमधून आवाज आणणारा आणि तिच्यात ‘घूं घूं’ मिसळणारा नियम एकच आहे, आणि तो फॅरेडे यांनी ३६ वर्षे आधीच मांडला होता.