अंगणात भरलेली शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. मुलींच्या शिक्षणाची वाट बिकट असलेल्या त्या काळात, १९१४ साली, त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोट येथील अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले.

त्याच सुमारास भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर चालविले होते. तेथे छडी नव्हती की घोकंपट्टी नव्हती. इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीनुसार तेथील मुले आपल्या आवडीचे काम निवडीत आणि खेळता खेळता शिकत. हे कार्य ताराबाईंना इतके मोलाचे वाटले, की मानाचे पद सोडून १९२३ साली त्या गिजुभाईंना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला.

परंतु एक शल्य त्यांच्या मनाला टोचत होते. बालमंदिरातील साधने महाग होती. त्यांचा लाभ शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांनाच होई. मग खेड्यातील गरिबांच्या मुलांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या.

बोर्डीस बालवाडी उघडली. पण वस्तीवरील मुले तिकडे फिरकेनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. मुलांना न्हाऊ घालून शाळेत कोणी पाठवावे? तेव्हा ताराबाईंनी ठरविले, की मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच मुलाच्या दारी जावे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना गोळा करावे, त्यांचे हातपाय धुवावेत, केस विंचरावेत आणि तेथल्याच अंगणात गाणी, गोष्टी व खेळ यांचा मेळा भरवावा, असा क्रम सुरू झाला. शिंपले, बिया, पाने, खडे हीच शिक्षणाची साधने झाली. बियांनी मोजणी शिकावी, पानांवरून आकार ओळखावेत. त्याला पैसा लागत नव्हता. हीच अंगणवाडी होय.

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखीत, धाकट्या भावंडांना सांभाळीत. म्हणून गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. धाकट्यांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि तिच्या शेजारी प्राथमिक शाळा अशी विकासवाडी उभी राहिली. कडेवरचे भावंड पाळणाघरात विसावले, की थोरली बहीण निश्चिंत मनाने शिकू लागे.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे दोनच वर्षांनी देशात बालकांसाठी मोठी सरकारी योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. मुलांना दोष न देता त्यांची अडचण ओळखणे आणि आपली वाट त्यांच्या घराकडे वळविणे, हेच ताराबाईंच्या थोरवीचे मर्म होय.