निफाडचे सुपुत्र : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

लासलगावहून निफाड काही फार दूर नाही. तालुक्याचे गाव म्हणून कचेरीच्या, कोर्टाच्या कामासाठी आपल्या आजोबा-पणजोबांपासून सर्वांचेच तेथे जाणे-येणे होत आले आहे. त्याच निफाडमध्ये 18 जानेवारी 1842 रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला, ही गोष्ट शाळेत सर्वांनी वाचलेली असते आणि बहुतेकांच्या स्मरणातून निघूनही गेलेली असते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने या थोर पुरुषाच्या जीवनकार्याचे स्मरण करावे असे वाटले. त्याला आणखीही एक कारण आहे. या न्यायाधीशाच्या आयुष्यातील एक मोठा कालखंड शेतकरी आणि सावकार यांच्यामधील हिशेब तपासण्यात गेला, आणि त्या काळातील दख्खनच्या सावकारांत मारवाडी व गुजराती जैन घराण्यांची संख्या मोठी होती.

वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते. त्यांची बदली कोल्हापूरकडे झाली, तेव्हा महादेव अवघ्या दोन-अडीच वर्षांचा होता. त्या वेळी आगगाडी नव्हती. बैलगाडीच्या त्या प्रवासात रात्री सर्वजण झोपेत असताना मूल गाडीतून खाली पडले आणि गाडी पुढे निघून गेली. मागून घोड्यावरून येणाऱ्या विठूकाकांना मुलाची हाक ऐकू आली आणि त्यांनी त्याला उचलून घेतले, अशी हकीकत चरित्रकारांनी दिली आहे. पुढे ज्याच्या शब्दाला मुंबई इलाख्यात वजन आले, तो मुलगा निफाडहून निघाला तो असा!

प्राथमिक शिक्षण कोल्हापुरात झाल्यावर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या 21 विद्यार्थ्यांत रानडे होते. 1862 साली ते बी.ए.च्या पहिल्याच तुकडीतून पदवीधर झाले. विद्यार्थिदशेतच मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करणारा निबंध लिहिल्याबद्दल प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली होती. अतिवाचनाने डोळे अधू झाले, ते कायमचेच. 1866 साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. नंतर अक्कलकोटला कारभारी, कोल्हापूरला न्यायाधीश, एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी व इतिहासाचे प्राध्यापक अशी पदे त्यांनी भूषविली. 1871 साली ते अ‍ॅडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. हायकोर्टात वकिली करण्याचा मार्ग आता मोकळा होता आणि त्या व्यवसायात अमाप पैसा होता. तथापि त्यांनी सरकारी न्यायखात्याची नोकरी पत्करली आणि त्याच वर्षी पुण्यास सबजज्ज म्हणून ते रुजू झाले.

पुण्यात आल्यावर त्यांच्या सार्वजनिक जीवनाला खरा बहर आला. 1870 मध्ये सार्वजनिक काकांनी स्थापन केलेल्या सार्वजनिक सभेचे ते बौद्धिक आधारस्तंभ बनले. सरकारी नोकर असल्याने नाव पुढे न करता अर्ज, अहवाल आणि त्रैमासिकातील लेख यांमागे त्यांची लेखणी चालत असे. वक्तृत्वोत्तेजक सभा, ग्रंथकारांचे 1878 मधील पहिले संमेलन, पुढे मुलींचे हायस्कूल, प्रार्थना समाज अशा कितीतरी कामांत त्यांचा हात होता. काँग्रेसच्या 1885 मधील पहिल्या अधिवेशनालाही ते हजर होते आणि त्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली. आजच्या अर्थाने त्यांनी राजकारण केले नाही. पण नामदार गोखल्यांसारखा शिष्य ज्यांच्याजवळ घडला, त्यांना राजकारणापासून दूर कसे म्हणावे?

सरकारला हे सारे ठाऊक होते. 1878 साली त्यांची नाशिकला बदली झाली. त्या वेळी लोकहितवादी गोपाळराव हरी देशमुख नाशिकलाच न्यायाधीश होते. मुलींच्या शाळेच्या बक्षीस समारंभात रमाबाईंनी पहिल्यांदा सभेत चार शब्द वाचले ते नाशिकातच. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले, पुण्यात बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आग लागली आणि संशयाची सावली रानड्यांवर पडली. त्यांना धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांची टपाले फोडली जात. बंडवाल्यांच्या नावाने त्यांना गोवणारी पत्रे येत. ती पत्रे ते तशीच अधिकाऱ्यांकडे पाठवून देत. काही काळाने सरकारचा संशय फिटला.

आता ज्या प्रकरणाचा आरंभी उल्लेख केला, त्याकडे वळू. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत कापसाचे भाव चढले, शेतकऱ्यांना कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. सारा मात्र वाढला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली आणि खतेपत्रे जाळली. पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. जीवितहानी फार झाली नाही, कारण लोकांचा रोष मुख्यतः कागदांवर होता. पण ज्या घरांच्या वह्या जळाल्या त्यांत मारवाडी व गुजराती घरे पुष्कळ होती, हा इतिहास आपण लपविण्याचे कारण नाही.

सरकारने 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. मूळ रक्कम किती, व्याज किती, भरणा किती, पावती दिली की नाही, हे सर्व पाहून हप्ते बांधून देता येऊ लागले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. प्रारंभी हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. नाशिक त्यात नव्हते. 1887 साली डॉ. पोलन यांच्या जागी रानडे या कायद्याखालील स्पेशल जज्ज झाले. चारही जिल्ह्यांत फिरून खालच्या कोर्टांचे निकाल तपासायचे, असे ते काम होते. मुक्काम तंबूत, प्रवास अखंड, आणि सोबतीला दप्तरांचे ढीग.

रानड्यांचा मोठेपणा येथे दिसतो. सावकाराला खलपुरुष ठरविणे त्या दिवसांत सोपे होते आणि सरकारलाही सोयीचे होते, कारण मग साऱ्याच्या ओझ्याकडे कोणी पाहत नाही. रानड्यांनी तसे केले नाही. खोटे खत, न दिलेली पावती, चक्रवाढ व्याज यांना त्यांच्याजवळ क्षमा नव्हती. परंतु खेड्यात बी-बियाण्याला व बैलाला पैसा पुरविणारा सावकार नाहीसा झाला तर शेतकऱ्याला दुसरे दार नाही, हेही त्यांनी स्पष्टपणे मांडले. जबर सारा, पावसाचा लहरीपणा आणि भांडवलाची टंचाई ही त्यांच्या मते खरी कारणे होती. सर विल्यम वेडरबर्न यांच्या शेतकी बँकेच्या योजनेला त्यांचा पाठिंबा होता. त्या योजनेत पुण्याचे सावकार स्वतः भांडवल घालण्यास तयार झाले होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. लंडनहून भारतमंत्र्यांनी ती योजना नाकारली. सहकारी पतसंस्थांचा कायदा येण्यास 1904 साल उजाडावे लागले. मधली वीस वर्षे वाया गेली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चरित्र लिहिताना उणी बाजूही सांगितली पाहिजे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांची पहिली पत्नी 1873 साली निवर्तली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. सुधारकांनी त्यांना दोष दिला आणि तो अयोग्य म्हणता येत नाही. त्या मुलीला त्यांनी स्वतः शिकविले. त्याच पुढे सेवासदनच्या रमाबाई रानडे झाल्या. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाचे प्रकरण दोन वर्षे चालले आणि स्नेह्यांची घरे संकटात पडू नयेत म्हणून 1892 साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारक रागावले, सनातनीही संतुष्ट झाले नाहीत. 1895 साली पुण्यात काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरविण्यावरून टिळकपक्षाशी तीव्र वाद झाला. रानड्यांनी मंडपाचा हट्ट सोडून परिषद दुसरीकडे भरविली.

घरातील त्यांच्या वागण्याची एक आठवण रमाबाईंनी लिहून ठेवली आहे. उत्तम आंबा चिरून समोर ठेवला असता रानडे एक-दोन फोडी खाऊन थांबत. गोड लागला म्हणून अधिक खाणे म्हणजे जिभेच्या अधीन होणे, असे त्यांना वाटे. आपल्याकडे रसपरित्यागाचे व्रत करणाऱ्यांना यात काही नवे वाटणार नाही. पण हायकोर्टाच्या जज्जाच्या घरी, आमरसाच्या दिवसांत, हे रोज पाळणे सोपे नव्हते.

मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग 1893 साली वयाच्या अवघ्या 43 व्या वर्षी निधन पावले. वकिली, काँग्रेसचे कार्य, विद्यापीठाचे कुलगुरुपद अशा सर्व क्षेत्रांत चमकलेले ते व्यक्तिमत्त्व होते. त्यांच्या रिक्त जागी रानड्यांची नियुक्ती झाली. बातमी पुण्यात पोहोचली तेव्हा सत्कार समारंभांची रीघ लागली, कारण या माणसाला वरची जागा सरकार देणार नाही, असेच लोक समजून चालले होते. न्यायासनावर बसूनही त्यांचे लेखन थांबले नाही. मराठी सत्तेच्या उदयाचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1900 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थिदशेत ज्या विषयासाठी शिष्यवृत्ती गेली, त्याच विषयावर चाळीस वर्षांनी त्यांनी ग्रंथ लिहिला.

16 जानेवारी 1901 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. वयाची 59 वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले होते. त्यांच्या 101 व्या जयंतीला, 18 जानेवारी 1943 रोजी, पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या कार्यावर व्याख्यान दिले. ज्या काळात लोक रानड्यांना जवळजवळ विसरले होते त्या काळात, समाजसुधारणेला राजकारणाच्या आधी स्थान देणारा पुरुष म्हणून बाबासाहेबांनी त्यांचा गौरव केला.